अधिक सी

भाडेवाढ झाली की मंगळवार पेठेत
आमच्या दुकानापासून थेट जुन्या बाजारापर्यंत रिक्षा लागतात,
आणि अब्बा एकेका मीटरचं पोट उघडून
त्याला नवा दर शिकवतात.

त्याच आठवड्यात माझा एम-टूचा पेपर. तिसऱ्यांदा.
सोल्डरिंगच्या धुरात वही,
वहीत एक लांब, मान वाकवलेलं चिन्ह,
डोक्यावर एक आकडा, पायाशी एक.
"हे काय गं, स्प्रिंग ताणली गेलीय?"
इंटिग्रेशन, अब्बा. बेरीजच.
पण इतक्या बारीक तुकड्यांची
की तुकडे दिसेनासे होतात, बेरीज उरते.
"मग ते आपलंच काम," म्हणाले,
स्क्रूड्रायव्हर दातात धरून.

खरंच होतं. मीटरला रस्ता दिसत नाही.
लक्ष्मी रोडला रिक्षा सरपटते, कर्वे रोडला रात्री सुटते,
वेगाची रेघ कशीही वर-खाली होवो,
तिच्याखालची जागा गुपचूप भरत राहते.
आणि दांडेकर पुलाच्या सिग्नलला चाक थांबलं
तरी आकडा चढतो:
तिथे मीटर डीएक्स सोडून डीटीवर जातं.
हे मला पुस्तकात तीन वर्षं कळलं नव्हतं.

निजसुरे मॅडम बॅकलॉगच्या वर्गात म्हणायच्या,
"सीमा आधी लिहा.
पत्ता न सांगता रिक्षात बसता का?"
मी बसायचे.
एक्सच्या जागी साइन थीटा घालायचे
आणि सीमा जुन्याच ठेवायचे.
मीटर नवं, दरपत्रक जुनं.
गिऱ्हाईक भांडणारच.

एकदा उत्तर शून्य आलं. बरोबर होतं.
जेवढं वर, तेवढंच खाली, मिटलं.
अब्बांना पटेना.
"स्वारगेट ते कात्रज, कात्रज ते स्वारगेट,
आणि झाले शून्य?
गॅस कोण भरणार, तुझ्या मॅडम?"
मग मी त्यांना विस्थापन आणि अंतर समजावलं,
आणि समजावता समजावता
मला समजलं.

एक गणित मात्र सुटतच नाही.
ईचा घात उणे एक्स वर्ग.
उत्तर आहे, मॅडम म्हणाल्या,
फक्त त्याला साधं सूत्र नाही.
तुकडे पाडा, पट्ट्या मोजा, जवळपास पोचा.
मी अब्बांच्या उजव्या कानाकडे बघत होते.
जुन्या लोखंडी मीटरांना हाच कान लावून
ते दात्यांची टिकटिक ऐकायचे.
तो कधी गेला, सांगता येत नाही.
कुठल्याच एका दिवशी काही गेलं नाही.
किती गेला, ते डॉक्टरनी कागदावर लिहून दिलंय.

निकाल लागला. चाळीस. काठावर, पण पास.
तरी मी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली,
कारण एक गणित मला नक्की आलं होतं.
तिथे लाल शाईत एक मार्क कापलेला.

"तो एक कुठे गेला?"
शेवटी अधिक सी लिहायचं राहिलं, अब्बा.
"सी म्हणजे किती?"
माहीत नसतं. सुरुवातीलाच काहीतरी असतं,
बदल मोजायला गेलं की पुसलं जातं.
म्हणून परत येताना, किती ते ठाऊक नसलं,
तरी होतं एवढं लिहायचं.

अब्बा काही बोलले नाहीत.
टेबलावरचं मीटर टाकलं.
ना चाक, ना रस्ता, ना पॅसेंजर.
काचेत लाल आकडे उमटले: पंचवीस.
"हे?"

हे.

बाहेर फुलेनगरला पासिंगला जायची घाई असलेल्या कुणीतरी
हॉर्न दाबून धरला. त्यांना डाव्या कानाने ऐकू आला.
"आलो रे," म्हणाले, आणि मीटर उचललं.